बिलियर्डच्या टेबलावरच्या वड्या

आधी काकीचं सांगते, मग त्या हॉलचं. हॉलचं सांगायला बसले की मला खूप काही आठवतं आणि मग मूळ माणूस राहून जातं.

काकी म्हणजे आमच्या लगतच्या क्वार्टरातल्या काटेवाल्याची बायको. गाडी कुठल्या रुळावर जायची ते ज्याच्या हातात, तो काटेवाला. ती पोवारांच्या घरची, माहेर आमगावच्या पलीकडं, धानाच्या शिवारात. उंच, हाडापेरानं मोठी. यार्डात शंटिंग चाललेलं असलं तरी तिचं बोलणं मला माझ्या चुलीपाशी ऐकू येई. माझी ती नात्याची कुणी नव्हे. पण गोंदियात मी टिकले आणि चार माणसांत बसायला शिकले ते तिच्यामुळं. तिनं माझ्या पाठीत हात घालून मला एका दारातून आत ढकललं. उगाच सजवून सांगत नाही, खरोखरच ढकललं.

रेल्वेच्या वस्तीत बायकांना नावं नसत. नवऱ्याची नोकरी तेच बाईचं नाव. कुणी ड्रायव्हरीण, कुणी तारबाबूंची, स्टेशनमास्तरांची ती मास्तरीण. हे मालगाडीवर गार्ड, म्हणून मी गार्डीण. काकीला मात्र काटेवालीण कुणी म्हणत नसे, ती लहानथोर सगळ्यांची काकीच. पुष्कळजणींची खरी नावं मला आजही ठाऊक नाहीत, आणि इतकी वर्षं त्यावाचून आमचं काही अडलं नाही.

मी राजापुराकडची. तिसरीत असताना धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी कुणी नव्हतं म्हणून मला शाळेतून काढलं. दोन महिन्यांसाठी म्हणून काढलं ते काढलंच. पुढं लग्न झालं आणि यांच्या मागोमाग इतक्या लांब आले. लढाई सुरू व्हायच्या थोडी आधीची ही गोष्ट. आगगाडी मी प्रथम पाहिली ती तिच्यात बसायच्या दिवशी. गोंदियाला उतरले तेव्हा वाटलं, हे गाव म्हणजे सगळं स्टेशनच आहे. मोठी गाडी, छोटी गाडी, धुराचे लोट, कोळशाचा वास, आणि माणसं एकाच वाक्यात मराठी, हिंदी आणि आणखी काहीतरी बोलणारी.

हे छोट्या गाडीवर बालाघाटकडं जायचे. गेले की कधी परततील याचा नेम नसे. मी घरात दाराला कडी घालून बसायची. नळावर गेले तर बायका विचारायच्या, "काऊन व, बोलत काऊन नाही?" मला वाटे, रागावल्या. मी घागर अर्धी भरली तरी तशीच उचलून पळायची. पुढं कळलं की तो राग नव्हे, तिकडची चौकशीच तशी असते. पण ते कळेपर्यंत माझे बरेच दिवस रडण्यात गेले. रडून सुजलेले डोळे एकदा यांनी पाहिले आणि म्हणाले, "बघ, नसेल करमत तर होळीनंतर गावी पोचवतो. मी इथं एकटा राहीन, जेवायचं काय, होतं कसंही." रागानं नाही बोलले. पण मला ते रागापेक्षा भारी पडलं. गावी जायचं म्हणजे यांना वर्षातून एकदा बघायचं. आणि राहायचं म्हणजे या चार भिंती. दोन्हींतलं एकही मला नको होतं, आणि तिसरं काही असतं हे मला ठाऊक नव्हतं.

ते तिसरं आमच्या क्वार्टरांच्या लाइनीच्या टोकाला होतं. कौलारू छपराची लांब इमारत, पुढं मागं व्हरांडा, मागच्या व्हरांड्याला लाकडी जाळी. तिला सगळे 'इस्टिटूट' म्हणत. रेल्वेतल्या बाबूलोकांची ती करमणुकीची जागा. संध्याकाळी आत बत्त्या लागायच्या, पत्ते, कॅरम, बाजाची पेटी, आणि मधूनच टक् टक् असा आवाज. तो आवाज कशाचा, याचं मला फार कुतूहल. यांना विचारलं.

"बिलियर्डचा. हिरवं टेबल असतं, त्यावर गोळे असतात. काठीनं ढकलायचे. टेबलाच्या कडेला भोकं असतात, त्यांना जाळीच्या पिशव्या. गोळे त्यांत पडतात."

"पडतात तर भोकं बुजवत का नाहीत?"

"अगं, पाडायलाच तर खेळतात!"

मला पटलं नाही. एवढी शिकलेली माणसं रोज संध्याकाळी गोळे पाडायला जातात, हे मनातून जाईना.

त्या हॉलात गुरुवारी दुपारी बायकांची बैठक असे. मोठ्या साहेबाच्या मडमेनं कधीकाळी ती चाल पाडली होती. मडम गेली, चाल राहिली. जेवणं आटोपली की बायका जायच्या आणि पुरुषांची वेळ व्हायच्या आत उठायच्या. मी लांबून बघायची. एका गुरुवारी धीर करून व्हरांड्याच्या पायरीपर्यंत गेले आणि तिथंच थांबले. आतून हसण्याचा आवाज येत होता. आपल्यालाच हसताहेत असं वाटून परत वळले, तर मागं काकी.

"इथं काऊन उभी राहून राहिली व?"

"काही नाही. सहज."

"सहज कोनी पायरीवर उभं राहते? अंदर चाल."

"मला तिथलं कुणी ओळखत नाही, काकी."

"मंग बाहेर राहून ओळखतीन का?"

"माझं बोलणं वेगळं आहे. हसतील."

"हासतीन त हासतीन. हासल्यानं तुले कोन खाऊन राहिलं?" आणि तिनं माझ्या पाठीवर आपला रुंद पंजा ठेवला. पुढचं मी सांगितलंच आहे.

आत गेल्यावर पहिल्यांदा दिसलं ते टेबल. पांढऱ्या चादरीखाली झाकलेलं, एवढं मोठं की आमच्या क्वार्टराच्या खोलीत मावलं नसतं. मी त्याच्याकडेच बघत राहिले. भोवती बायका, कुणी वेताच्या खुर्चीवर, कुणी सतरंजीवर. बडाबाबूंची बायको बंगाली, तिला सगळ्या बौदी, म्हणजे वहिनी, म्हणत. जाड भिंगांचा चष्मा, तोंडात पान. ती म्हणाली, "आओ आओ गार्डीन, चोर का माफिक क्यों खड़ा है?" सगळ्या हसल्या. मीही हसले. कुणी मला खाल्लं नाही.

काकीचं तिथं येणं खरं तर नियमात बसत नव्हतं, हे मला नंतर समजलं. हॉल मेंबरांसाठी. मेंबर व्हायचं ते बाबूंनी, गार्डांनी, ड्रायव्हरांनी. काटेवाल्यानं नव्हे. पण दारावरचा चौकीदार काकीच्या माहेरच्या गावचा. ती आली की तो दुसरीकडं बघायचा. बायकांनीही कधी विचारलं नाही. काकी भिंतीला टेकून सतरंजीवर बसायची आणि खुर्चीवरच्यांपेक्षा जास्त बोलायची.

मी तिथं काय करायची? ऐकायची. मला सगळ्याच गोष्टींचं कुतूहल. ड्रायव्हरीण तेलुगू. आमच्याकडं कोकमाचं सार, तर ती त्याच तऱ्हेचं चिंचेचं करते. बौदी माशाच्या डोक्याचं कालवण सांगे तेव्हा मला घर आठवे. कोपऱ्यातल्या कपाटात मासिकं होती, त्यांत दोन मराठी. ती कुणी उघडत नसे. एकदा मी त्यांतलं एक चाळताना ओठ हलवत वाचत होते. ते काकीनं बघितलं.

"का वाचून राहिली? जोरानं वाच न."

"मला अडखळायला होतं. तिसरीच शिकले मी."

"माही त पहिलीबी नाही. अडखर, आमाले का समजते?"

मी वाचलं. जोडाक्षरापाशी थांबत, बोट ठेवत. एका सासूसुनेची गोष्ट होती. सगळ्या ऐकत राहिल्या, बौदीसाठी मास्तरीण मधेमधे हिंदीत सांगत होती. गोष्ट संपली तेव्हा काकी म्हणाली, "ते सून लय बावरट होती. पुढच्या गुरुवारी दुसरी सांग." झालं. पुढच्या गुरुवारी मी वाचायचं हे ठरूनच गेलं. आठवडाभर कामं करताना मनात तेच. घरी आल्यावर हे म्हणाले, "हल्ली घरातून गुणगुणल्याचा आवाज येतो." गावी पोचवण्याचं त्यांनी पुन्हा काढलं नाही. मीही आठवण करून दिली नाही. मला पक्कं कळलं होतं की माझं इथलं राहणं त्या गुरुवारच्या दुपारवर उभं आहे.

आता वड्यांचं.

पौषात कोहळे स्वस्त झाले. हॉलात विषय निघाला तो सांडग्यांचा. मी म्हटलं, आम्ही कोहळ्याचे सांडगे घालतो. काकी म्हणाली, सांडगे नव्हे, वड्या. चौकीदाराची बायको छत्तीसगडची, ती दारातून म्हणाली, आम्ही याला 'बरी' म्हणतो. बौदी म्हणाली, "बोड़ी! तुमलोग भी बोड़ी करता है?" तिला इतका आनंद झाला की पान थुंकायचं विसरली. सगळ्याजणी आपापल्या माहेरापासून शेकडो मैल लांब, आणि वस्तू एकच निघाली. मग ठरलं की पुढच्या गुरुवारी सगळ्यांनी मिळून हॉलच्या मागच्या अंगणात वड्या घालायच्या.

मिळून म्हणजे कसं, तेही सांगते. कुणी कुणाचं वाटण घ्यायचं नाही. प्रत्येकीनं उडीद आपल्या घरी भिजवायचा, आपल्या पाट्यावर वाटायचा, आपल्याच भांड्यातून आणायचा. अंगणात शेजारीशेजारी घालायच्या, पण मधे वीतभर जागा सोडून. म्हणजे मिळूनही झालं आणि कुणाचं सोवळंही गेलं नाही. काकी म्हणाली, "धानाच्या बांध्यावानी. धुरा मधात ठेवला का भांडन नाही." धुरा म्हणजे शेताचा बांध.

गुरुवारी पहाटे वाटून तयार. आणि उजाडलं ते आभाळ घेऊनच. दुपारी हॉलात जमलो तर बारीक झिमझिम चालू. पौषात असं अवचित येतं तिकडं. घरोघरची पातेली समोर, वाटण फुगलेलं, उद्यापर्यंत आंबणार. अंगण ओलं, व्हरांड्यात पावसाची झड. सगळ्या हताश. आणि मग सगळ्यांचे डोळे एकाच ठिकाणी गेले. लांब. रुंद. सपाट. चहूबाजूंनी काठ. वर पांढरी स्वच्छ चादर.

कोण पहिल्यांदा बोललं ते मला खरंच सांगता येणार नाही. बहुधा कुणीच नाही. ड्रायव्हरणीनं चादरीची सुरकुती काढली, मास्तरणीनं घरून आणलेलं धोतर वर पसरलं, आणि बौदीनं पदर खोचला. पाऊस उघडला की धोतरासकट उचलून उन्हात न्यायच्या, असा हिशेब. आम्हा कुणालाही त्यात काही गैर वाटलं नाही. शेवया, पापड, वड्या घालायला बाईला जन्मभर जी जागा हवी असते ती देवानं इथं आयती करून ठेवली आहे आणि पुरुष तिच्यावर गोळे ढकलतात, याचंच आश्चर्य वाटत होतं.

बौदी म्हणाली, पहिल्या दोन वड्या तिला घालू द्या. तिनं दोन मोठ्या थोरल्या वड्या घातल्या, टोकदार, देवळाच्या कळसासारख्या. डबीतून शेंदूर काढून एकीला लावला आणि दोन्हींच्या डोक्यावर दूर्वा खोवल्या.

"ये क्या है बौदी?"

"बर और बहू. पहले इनका शादी, बाद में सब बाराती."

तिच्या माहेरी असंच करतात म्हणे. आम्हाला ते इतकं आवडलं! काकी म्हणाली, "नवरी मोठी दिसून राहिली नवऱ्यापेक्षा." "होने दो," बौदी म्हणाली, "हमारा घर में भी ऐसा ही है." बडाबाबू अगदी किरकोळ, त्यामुळं हशा पिकला. मास्तरणीनं मंगलाष्टकांचा सूर धरला. मग जिच्या तिच्या हद्दीत जिच्या तिच्या वड्या बसल्या, मधे वीत वीत धुरा. मी माझे सांडगे घालताना सारखी टेबलाखाली वाकून जाळीच्या पिशव्या बघत होते. शेवटी त्यांत हातही घातला. आत एक लाल गोळा सापडला, गुळगुळीत, थंड. किती जड! मला वाटलं होतं लाकडाचा हलका असेल. हातात फिरवून पाहिला आणि परत ठेवला. त्या दुपारी मी जितकी सुखात होते तितकी गोंदियात आल्यापासून कधी नव्हते.

पाऊस थांबला नाही. चौकीदारानं दारावर टकटक केली, बाबूलोकांची वेळ झाली. वड्या अजून लिबलिबीत. चौघींनी धोतराचे चार कोपरे धरून उचललं, तर धोतर मधे खचलं आणि सगळ्यांचे धुरे मोडून वऱ्हाड एकात एक झालं. कुणाचं काय ते उरलंच नाही. एरवी यावरून रणकंदन झालं असतं. पण तोवर मास्तरणीनं चादर उचलली होती.

हिरव्या कापडावर गोल गोल ओले डाग. रांगेत, अगदी शिस्तीत. आणि एका टोकाला रुपयाएवढा शेंदराचा लाल ठिपका.

ते टेबल म्हणजे हॉलचा जीव होता. साहेबलोकांच्या क्लबातून जुनं झाल्यावर मोठ्या मिनतवारीनं मिळवलेलं. हॉलचे सेक्रेटरी म्हणजे पार्सल ऑफिसातले बाबू, तेच पहिल्यांदा आत आले. त्यांनी टेबल बघितलं, आमच्याकडं बघितलं, पातेल्यांकडं बघितलं. "हा क्लब आहे की वड्यांचा कारखाना?" एवढंच म्हणाले. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. मग शांतपणे, "रविवारी मिटिंग घेतो. बायकांचा गुरुवार आता बंद."

घरी येऊन मी यांना वाढलं आणि कोपऱ्यात बसून राहिले. यांनाही तोवर कळलं होतं. "हसू की रडू कळत नाही," हे म्हणाले. "टेबलावर वड्या! सगळं यार्ड हसतं आहे." मी विचारलं, "खरंच बंद करतील?" "करतील. सेक्रेटरीचा जीव आहे त्या टेबलात." तीन रात्री मला झोप नाही. माझ्यापुढं पुन्हा त्या चार भिंती दिसत होत्या, आणि त्यांच्या मागं होळी आणि राजापूरची वाट.

रविवारी सकाळी मिटिंग. बायकांना बोलावणं नव्हतं, पण आम्ही मागच्या व्हरांड्यात जाळीआड जाऊन उभ्या राहिलो. काकी दिसली नाही. मला वाटलं, तिला काय, तिचा नवरा मेंबर नाही, ती कशाला येईल. आत सगळ्यांचे नवरे खुर्च्यांवर. हे शेवटच्या रांगेत, बुटांकडं बघत. सेक्रेटरी बोलले, कापड खराब झालं, शिस्त राहिली नाही, बायकांचा गुरुवार बंद करावा. बडाबाबू बारीक आवाजात म्हणाले, "हाँ हाँ, बंद ही कर दो." जाळीआड माझ्या शेजारी बौदी पुटपुटली, "घर आने दो इसको."

हात वर करायची वेळ आली. तेवढ्यात पुढच्या दारातून काकी आत आली. एकटी. चौकीदार तिच्या मागून "काकी, काकी" करत.

"रामराम बाबू."

सेक्रेटरी म्हणाले, "तू कोण?"

"काटेवाल्याची बायको जी."

"तुझा नवरा मेंबर आहे?"

"नाही जी."

"मग तू इथं आत आलीसच कशी?"

"दरवाज्यातून."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. सेक्रेटरींनी टेबलावर थाप मारली. काकी हलली नाही.

"ते वड्या माह्या होत्या. टेबलावर मांडाची अक्कलबी माहीच. ह्या बायाइले का मालूम? ह्या त मले 'नको नको' म्हनून राहिल्या होत्या. मीच आयकलं नाही."

जाळीआड आम्ही एकमेकींकडं बघितलं. कोण 'नको' म्हणालं होतं? काकीच्या वड्या तर सगळ्यांत कमी, एका भोकाजवळच्या कोपऱ्यात.

"सगळ्या तुझ्या?" सेक्रेटरी म्हणाले. "पाच-सहा घरची पातेली होती तिथं. मी बघितली आहेत. एका वडीला तर शेंदूर होता, त्याचा डाग आहे कापडावर."

"माह्या घरी तसंच असते," काकी बेधडक म्हणाली. बौदीनं तोंडात पदर कोंबला.

"टेबलाची किंमत ठाऊक आहे तुला?"

"नाही जी, मले का मालूम? पन एक सांगू का? राग नोका धरू. तुमी काठीनं गोळे लोटता, ते जाळीत पडतात, तुमी काढता अन् पुन्हा लोटता. आमी वड्या मांडल्या, त आज ना उद्या त्याची भाजी त झाली असती."

आता मात्र हॉल फुटला. सगळ्यांत मोठ्यानं हसला तो म्हातारा तेलुगू ड्रायव्हर, आणि सगळ्यांत शेवटी, पण हसले खरे, आमचे हे. हसण्यात राग निवला. ड्रायव्हर म्हणाला, धोब्याला बोलवा, इस्त्री फिरवा, ओल निघेल, डाग राहिला तर राहिला. मग बोलणी होऊन ठरलं ते असं. बायकांचा गुरुवार राहील. टेबलाला हात लावायचा नाही. आणि सेक्रेटरींनाही काहीतरी हवंच होतं, म्हणून शेवटी नियमांत एक ओळ घातली गेली की यापुढं फक्त मेंबरांच्या घरच्या बायकांनाच आत सोडायचं.

काकीनं ते ऐकलं. "ठीक आहे बाबू," म्हणाली आणि आली तशी निघून गेली.

मी धावत तिच्या क्वार्टराकडं गेले. ती अंगणात धान पाखडत होती.

"काकी, असं काऊन केलंस?" माझ्या तोंडून तिकडचं 'काऊन' निघालं, ते मलाही नंतर जाणवलं.

"कसं?"

"तू एकटीनं सगळं अंगावर घेतलंस. आता तुलाच येता येणार नाही."

"तुमाइले काढलं असतं त तुमी गेल्या असत्या. मी मेंबरच नाही, त मले काढतीन कोठून?" ती सूप झटकत राहिली. "अन् तिथं बसून बसून माहे पाय सुन्न पडतात. रडून कायले राहिली? जाय, गुरुवारी जाजो."

मी पुढच्या गुरुवारी गेले नाही. काकीशिवाय कसं जायचं? कडी लावून बसले. तर दुपारी कडीवर धपाधप थाप.

"काऊन व, गेली नाही?"

"जावंसं वाटत नाही."

"असं! मी भऱ्या सभेत बाबूइचं बोलनं खाल्लं ते का तू घरात बसावं म्हनून? ऊठ. अन् जे वाचशीन ते याद ठेवजो. सांजच्याले मले सांगाचं आहे."

मग तशीच रीत पडली. गुरुवारी दुपारी मी हॉलात वाचायची आणि दिवेलागणीला काकीच्या ओट्यावर तीच गोष्ट सांगायची. सगळं लक्षात ठेवावं लागे, म्हणून आता मी बोट न ठेवता वाचू लागले. विसरले तर काकी सोडत नसे. "मंग? तो पोट्टा कोठी गेला? तू अंदर झोपली होती का?" तिनं हॉल सोडला, पण हॉलात काय चाललंय ते तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असे. बौदी दर हिवाळ्यात तिच्याकडं आपल्या हातच्या वड्या पाठवायची. सोवळ्याचं काही न म्हणता काकी त्या तळायची आणि अर्ध्या मला द्यायची.

टेबलावरचे गोल मात्र गेले नाहीत. धोब्यानं बरीच खटपट केली. लाल गोळा त्यांच्यावरून जाताना अजूनही थोडा वळतो असं हे सांगतात. खरं असेल का, मला फार पाहावंसं वाटतं, पण हात लावायची बंदी.

लढाईच्या दिवसांत काकीच्या नवऱ्याची बदली सालेकशाकडच्या एका लहान स्टेशनावर झाली. सामान गाडीच्या ब्रेकमध्ये, म्हणजे गार्डाच्या डब्यात, चढवलं ते आमच्याच यांनी. काकी डब्यात बसून म्हणाली, "गुरुवार सोडू नको व." गाडी हलली तेव्हा मी रडले, ती नाही. आता तिकडं डोंगरातल्या कचारगडच्या देवाला जाणारी माणसं उतरतात, त्यांना पाणी पाजते, असं यांच्याकडून कळतं. माणसांशिवाय तिचं कसं चालणार?

हे सगळं लिहिते आहे तोवर लढाई संपली. मी अजून गोंदियातच आहे, घरापासून तितकीच लांब. बायकांच्या गुरुवारची चावी सध्या माझ्याकडं असते. नव्यानं आलेली कुणी पायरीवर घोटाळताना दिसली की मी उठून बाहेर जाते. कुणाच्या घरची, हे विचारताना मात्र माझी जीभ जड होते, कारण ते विचारायचं आहे असा नियम आहे. तो बदला म्हणून मी नव्या सेक्रेटरींना दोनदा सांगून पाहिलं. पहिल्यांदा "बघू" म्हणाले, दुसऱ्यांदा तेही म्हणाले नाहीत.  तिसऱ्यांदाही जाईन.

काकी, हे तुला कुणीतरी वाचून दाखवील तेव्हा म्हणशील, एवढं लिहायचं काय होतं त्यात. असू दे. माझं एवढं ऐकून ठेव. तुझ्यामुळं हा हॉल आम्हाला राहिला आणि तुलाच त्यात जागा उरली नाही, हे मी असंच राहू देणार नाही. ती ओळ मी काढायला लावीन, कितीही वेळा विचारावं लागलं तरी. आणि ज्या दिवशी ती निघेल त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं मी स्वतः सालेकशाला येईन, तुला न्यायला.